मदत हवी आहे: इंग्रजी 'ग्रोस'साठी मुलांच्या तोंडी शोभेल असा मराठी शब्द

नमस्कार मंडळी,

एका बालमासिकासाठी इंग्रजी गोष्टीचं भाषांतर करतेय आणि 'ग्रोस' या विशेषणापाशी गाडी अडली आहे. प्रसंग असा: सुट्टीभर दप्तरात राहिलेला डबा भाऊ उघडतो. सँडविचवर हिरवट बुरशीची लव, खाली काळपट पाणी सुटलेलं. नऊ वर्षांची बहीण नाक दाबून ओरडते, "दॅट्स सो ग्रोस!"

शब्दकोशात आधी मिळतात ते अर्थ स्थूल, ढोबळ, एकूण. तेही खरेच. मूळ लॅटिन शब्द 'जाड' या अर्थाचा. पगारपत्रकावरचा ग्रॉस आणि १४४ नगांचा, म्हणजे बारा डझनांचा ग्रोस त्याच कुळातले. किळसेचा अर्थ त्या मानाने नवा, अमेरिकन विद्यार्थ्यांच्या बोलीतून १९५० च्या दशकाच्या अखेरीस पुढे आलेला. आजही तो बोलण्यातलाच आहे, औपचारिक लिखाणात शोभत नाही. (उच्चार मात्र 'ग्रोस'च, पगाराच्या बाबतीतही.)

माझी अडचण शब्दाच्या वजनाची आहे. 'डिस्गस्टिंग' बुरशीलाही चालतं आणि कुणाच्या नीच वागण्यालाही. त्यात संताप मिसळू शकतो. 'रिपल्सिव्ह' त्याहून जड. 'ग्रोस' हलका, पटकन तोंडातून निसटणारा. 'किळसवाणं' लिहिलं की ती मुलगी एकदम शाळेतल्या बाईंसारखी बोलू लागते. 'ओंगळ' मला फार आवडतो, पण हल्लीच्या मुलांच्या तोंडी तो मी ऐकलेला नाही. आमच्याकडे पुण्यात मुलं सरळ "ई, किती घाण!" म्हणतात. सध्या तेच ठेवलंय.

पण पुढच्याच पानावर ती खेळून येते आणि म्हणते, "आय फील ग्रोस." इथे 'घाण' बसत नाही. घामाने अंग चिकचिकतंय, कधी एकदा अंघोळ करते असं झालंय, एवढंच तिला सांगायचंय. मग भाऊ शर्टाच्या बाहीला शेंबूड पुसतो, तेव्हा त्याला "यू आर ग्रोस!" तिथे "घाणेरडा आहेस तू!" चपखल आहे. मूळ गोष्टीत तिन्हीकडे तोच शब्द येतो म्हणून मुलं हसतात, आणि ते मला मराठीतही हवंय.

तिन्ही ठिकाणी खपेल असा एखादा शब्द किंवा उद्गार सुचतो का? विदर्भात, कोकणात, मराठवाड्यात मुलं अशा वेळी काय म्हणतात? घरात या वयाची मुलं असतील तर त्यांच्या तोंडचं जसंच्या तसं लिहा, प्लीज.