मे महिन्यात मालवणला स्नॉर्कलिंग: उन्हापासून त्वचेचे रक्षण कसे करावे?

प्रश्न
मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आम्ही सहकुटुंब मालवणला जाणार असून सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ स्नॉर्कलिंग (डोळ्यांवर मास्क आणि तोंडात श्वासाची नळी लावून पाण्यावर तरंगत खालचे दृश्य पाहणे) करण्याचा बेत आहे. मुले आठ आणि बारा वर्षांची आहेत आणि पाण्यात उतरली की बाहेर यायचे नाव काढत नाहीत. एसपीएफ (ऊन अडवण्याच्या क्षमतेचा आकडा) ५० चे सनस्क्रीन सकाळी एकदा लावले तर दुपारपर्यंत पुरेल का? पाण्याखालीही ऊन लागते का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १
पाण्याखालीही ऊन लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार अर्धा मीटर खोलीवरही अतिनील किरणांची तीव्रता पृष्ठभागाच्या सुमारे ४० टक्के असते. स्नॉर्कलिंग करताना तर आपण पालथे तरंगतो, त्यामुळे मान, कानांच्या कडा, पोटऱ्या आणि गुडघ्यांची मागची बाजू सतत आकाशाकडे उघडी राहते, आणि क्रीम लावताना नेमक्या याच जागा सुटतात. शिवाय पाण्याच्या गारव्यात कातडी भाजते आहे हे वेळेवर कळतच नाही. म्हणून माझे आग्रहाचे सांगणे आहे की आधी कपड्यांचा विचार करा. लांब बाह्यांचा रॅश गार्ड (पोहताना घालायचा अंगाबरोबरचा सदरा) आणि घोट्यापर्यंतची स्विमिंग लेगिंग मुलांना अवश्य घाला. यूपीएफ (कापडाच्या ऊन अडवण्याच्या क्षमतेचा आकडा) ५० चे कापड अतिनील किरणांचा जेमतेम पन्नासावा भाग आत येऊ देते. पातळ पांढरा सुती टी-शर्ट मात्र भिजला की त्याचे आधीच कमी असलेले संरक्षण आणखी घटते.

प्रतिसाद २
सकाळी एकदा लावलेले सनस्क्रीन दुपारपर्यंत अजिबात पुरणार नाही. ‘वॉटर रेझिस्टंट’ म्हणून विकल्या जाणाऱ्या क्रीमचा दावाही साधारणतः ४० किंवा ८० मिनिटांचाच असतो, आणि टॉवेलने अंग पुसले की उरलेला थरही निघून जातो. एसपीएफ ३० सुमारे ९७ टक्के यूव्हीबी किरण (त्वचा भाजणारे अतिनील किरण) अडवते आणि ५० सुमारे ९८ टक्के. त्यामुळे आकड्यापेक्षा किती जाड थर लावला आणि तो पुन्हा कधी लावला, याला अधिक महत्त्व आहे. प्रौढ माणसाच्या सर्वांगाला एका वेळी सुमारे ३० मिलिलिटर लागते, तेव्हा चौघांसाठी एक छोटी ट्यूब नेऊन भागणार नाही. कोरड्या अंगावर, पाण्यात उतरण्याच्या पंधरा-वीस मिनिटे आधी लावावे. कपाळावर मात्र जपून लावा, कारण तेलकट क्रीममुळे मास्क नीट चिकटत नाही आणि डोळेही चुरचुरतात.

प्रतिसाद ३
वेळेबद्दल कोणी लिहिले नाही, म्हणून लिहितो. तुम्ही जाणार त्याच आठवड्यात मालवणला सूर्य मध्यान्ही, म्हणजे साडेबाराच्या सुमारास, जवळजवळ थेट डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली जाते. त्यामुळे सकाळची पहिली बोट ठरवा आणि दहाच्या आत किनाऱ्यावर परत या. आभाळ भरून आले तरी हाच नियम पाळा, कारण विरळ ढगांतून बरेचसे अतिनील किरण खाली येतात. दुसरे असे की तेथील प्रवाळ जपले पाहिजेत. प्रवाळांना हानीची भीती असल्याने ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनोक्सेट ही अतिनील किरण शोषणारी रसायने असलेल्या सनस्क्रीनच्या विक्रीवर हवाईने २०२१ पासून बंदी घातली आहे. वेष्टनावरील घटक वाचून झिंक ऑक्साइडचे क्रीम निवडा, आणि अंग कपड्यांनी झाकले असेल तर ते फक्त चेहरा, मान, हात आणि पावलांपुरतेच लागेल.