मल्टिमीटर वापरणाऱ्यांनी वाचा (सोसायटी ग्रुप, इंदूर)

बी-२०४ वहिनी: काल रात्री आमच्याकडे मोठा भडका उडाला. धाकट्याने किचनच्या सॉकेटमध्ये मल्टिमीटरच्या पिना घातल्या आणि एमसीबी पडली. बोटाला थोडी धग लागली, बाकी ठीक आहे. पिनेचं टोक वितळून त्याची गोळी झालीय. डायल तर एसी ७५० व्होल्टवरच होती, मग झालं कसं?

ए-१०१ काका: आधी बोट डॉक्टरांना दाखवा. लाल वायर मीटरच्या कुठल्या भोकात होती?

बी-२०४ वहिनी: १० अँपिअरच्या. परवा स्कूटरच्या बॅटरीचा करंट बघितला होता, तशीच राहिली.

ए-१०१ काका: तेच कारण. त्या भोकातून काळ्या वायरपर्यंत आत जवळजवळ सरळ तारच असते, डायल कुठेही असो. पिना सॉकेटमध्ये गेल्या म्हणजे फेज-न्यूट्रल शॉर्टच केले. स्वस्त मीटरवर त्या भोकाशेजारी 'अनफ्यूज्ड' छापलेलं असतं, म्हणजे आत फ्यूजच नाही. काल एमसीबीने वाचवलं. करंट मोजून झाला की लाल वायर त्याच क्षणी व्होल्टच्या भोकात परत लावायची. मी चाळीस वर्षं वायरिंग केलं, तरी आजही आधी भोक बघतो, मग डायल.

सी-३०३: काका, खालच्या मीटर रूममध्ये हाच मीटर चालेल ना? आमचा फेज मधूनच जातो.

ए-१०१ काका: नाही रे बाबा. तिथे शॉर्ट झाला तर घरातल्यापेक्षा कितीतरी जास्त करंट धावतो, मीटर हातातच फुटू शकतो. त्या जागेला कॅट थ्री किंवा फोरचा मीटर लागतो, हा सुरक्षेचा दर्जा मीटरवरच छापलेला असतो. तिथलं काम लाइनमनलाच करू द्या.

डी-४०२ ताई: आमच्याकडे मेन पाडूनही बेडरूमच्या पॉइंटवर २३० दाखवतं!

ए-१०१ काका: ताई, इन्व्हर्टर आहे ना? मग तो पॉइंट जिवंतच आहे, हात लावू नका. आधी इन्व्हर्टरही बंद करा. मग मीटर चालू सॉकेटवर लावून बघा, नंतर त्या पॉइंटवर, आणि शेवटी पुन्हा चालू सॉकेटवर. मधेच मीटरची वायर तुटली तरी तो शून्यच दाखवतो, आणि माणूस बिनधास्त हात घालतो.

बी-२०४ वहिनी: काका, आमच्या मीटरची काळी वायर चिरली होती, तिला टेप लावलाय. चालेल का?

ए-१०१ काका: टेप नको. जेल रोडवर वायरींची नवी जोडी मिळेल. आणि कालचा मीटर आता घरच्या लाइनवर लावू नका, रविवारी सकाळी माझ्याकडे आणा, आत काय जळलंय ते उघडून बघतो. धाकट्यालाही आणा, त्याला रागावू नका. त्याच्या हातानेच भोकं दाखवून घेऊ.