अष्टविनायकाच्या बससाठी खाऊ काय बांधू? मदत हवी आहे

मंडळी, आमच्या सोसायटीची श्रावणात अष्टविनायक यात्रा ठरली आहे. पुण्याहून निघून दोन दिवस, एक मुक्काम. बसमध्ये चाळीस जण, त्यात निम्मे साठीपुढचे आणि सात-आठ पोरं. खाऊचं खातं माझ्या गळ्यात पडलंय.

जेवण बाहेरच आहे, प्रश्न मधल्या वेळेचा. दशम्या दुधात भिजवल्या की दुसऱ्या दिवशीही मऊ राहतात, सोबत शेंगदाण्याची चटणी, एवढं नक्की. ओल्या खोबऱ्याचं काही नको, पावसाळी दमटपणात लगेच आंबतं. खरी अडचण भडंगाची. एकच मोठा डबा नेला तर दर वेळी उघडून संध्याकाळपर्यंत सादळतो, आणि चालत्या बसमध्ये वाटताना अर्धं सीटखाली. माणशी पुड्या बांधाव्यात तर प्लॅस्टिक नको आणि साध्या कागदातून तेल झिरपतं. बटर पेपरच्या पुड्या कोणी केल्यात का? कुरकुरीतपणा टिकतो?

दोघी-तिघी सोमवार करणाऱ्या आहेत. साबुदाण्याच्या चिवड्याशिवाय त्यांना काय देता येईल? दोन काकांना साखर आहे, त्यांच्यासाठी फुटाणे घेतलेत. पालीच्या वाटेवर घाट लागतो, तेव्हा तळलेलं काढायचंच नाही असं ठरवलंय. आवळा सुपारी आणि आलेपाक पुरेल ना?

आणि हो, लेण्याद्रीला माकडं हातातली पिशवी ओढतात, म्हणून तिथे खाऊ बसमध्येच ठेवणार. पण पायऱ्या चढताना ज्येष्ठांना खिशात मावेल असं काय द्यावं? जाऊन आलेल्यांनी सांगा, प्लीज.