कुंडीतील झुकिनी: फळ बोटभर होते आणि पिवळे पडून गळते

प्रश्न

माझा सज्जा जेमतेम सव्वा मीटर रुंद आहे आणि तेथे सकाळपासून साधारण सहा तास ऊन येते. सात-आठ आठवड्यांपूर्वी मी १२ लिटर मापाच्या दोन कुंड्यांत झुकिनीचे एकेक बी लावले. पाकिटावर ‘झुडपासारखी वाढणारी, कुंडीसाठी योग्य’ असा उल्लेख होता. रोपे जोमाने वाढली आणि पाने ताटाएवढी झाली. पहिले आठ-दहा दिवस नुसती लांब देठाची फुले आली आणि गळून गेली. त्यानंतर ज्यांच्या मागे इवलीशी झुकिनी दिसते अशी फुले येऊ लागली. परंतु ती झुकिनी बोटाएवढी झाली की टोकाकडून पिवळी आणि मऊ पडते व गळते. असे आतापर्यंत पाच वेळा झाले आहे. खत कमी पडत असावे असे समजून मी दर आठवड्याला नत्रयुक्त द्रवखत देत आहे. शिवाय पानांवर शिरांच्या कोनांत पांढरट ठिपकेही दिसतात. ही रोपे उपटून टाकावीत, की त्यांच्यावर अजून काही उपाय करता येईल?

उत्तर १

रोपे उपटू नका, आणि ते नत्रयुक्त खत मात्र आजच थांबवा. आपण जे वर्णन केले आहे ते परागीभवन न झालेल्या फळाचे आहे, उपासमारीचे नव्हे. उपाशी रोपाची पाने ताटाएवढी होत नाहीत.

झुकिनीच्या एकाच झाडावर नर आणि मादी अशी वेगवेगळी फुले येतात. लांब, सडपातळ देठाची ती नर फुले, आणि पाकळ्यांच्या मागे लहान फळाचा आकार असलेली ती मादी फुले. ते लहान फळ म्हणजे मुळात फुलाचा बीजांडकोश असतो; त्यामुळे परागकण मिळाले नाहीत तरी तो थोडाफार वाढतो, आपल्याला फळ धरल्यासारखे वाटते, आणि मग झाड त्याला सोडून देते. सुरुवातीला केवळ नर फुले येणे हेही नेहमीचेच आहे. झुकिनीचा पराग जड आणि चिकट असल्यामुळे तो वाऱ्याने उडत नाही, त्याला मधमाशीच लागते. आणि उंचावरच्या सज्ज्यात दोन झाडांसाठी मधमाशी येईलच याचा भरवसा नसतो.

तेव्हा मधमाशीचे काम आपणच करावे. फूल भल्या सकाळी उमलते आणि दुपारपर्यंत मिटते, ते पुन्हा उमलत नाही. म्हणून हे काम सकाळी नऊ-दहाच्या आत उरकावे. ताजे उमललेले नर फूल देठासह खुडून त्याच्या पाकळ्या काढून टाकाव्यात आणि मधला पिवळा दांडा मादी फुलाच्या आतील कुक्षीच्या, म्हणजे पराग धरणाऱ्या मधल्या भागाच्या, प्रत्येक बाजूवर हलक्या हाताने फिरवावा. एकाच बाजूला पराग लागला तर फळ एका टोकाला बारीक आणि वेडेवाकडे होते. कुंचलाही चालतो, पण निम्मा पराग त्याच्या केसांतच अडकून राहतो, असा माझा अनुभव आहे.

उत्तर २

वरील निदान मला पटते. तरीही कुंडीचा प्रश्न बाजूला ठेवता येणार नाही. १२ लिटरची कुंडी झुकिनीला अपुरी आहे. एका झाडाला किमान २० लिटर माती हवी, आणि जागा व सज्ज्याची ताकद परवानगी देत असेल तर ३५ ते ४० लिटर. मात्र एवढी ओली माती भरलेली कुंडी ४० किलोच्या आसपास किंवा त्याहूनही जड होऊ शकते, म्हणून ती कठड्याच्या टोकाशी न ठेवता भिंतीलगत ठेवावी. ‘झुडपासारखी’ या शब्दावरही फार विसंबू नये, कारण अशा जातीचा पसाराही मीटरभर होतोच. सव्वा मीटरच्या सज्ज्यात दोन झाडे म्हणजे तुम्हाला उभे राहायला जागा उरत नाही.

लहान कुंडीतला खरा त्रास पाण्याचा असतो. एवढ्या मोठ्या पानांतून भर उन्हात इतके पाणी उडून जाते की सकाळी भिजवलेली माती दुपारी कोरडी पडते. पाण्याची अशी ओढाताण झाली की झाडाला मातीतले कॅल्शियम फळापर्यंत पोचवता येत नाही आणि फळाचे फुलाकडचे टोक तपकिरी, खोलगट होऊन सडते. तुमच्या तक्रारीशी याची गल्लत होऊ शकते. फरक असा, की परागाविना राहिलेले फळ काही दिवसांतच पिवळे पडून आक्रसते, तर हा सडका डाग चांगल्या वाढत असलेल्या फळावरही येतो. तेथे परागीभवन करूनही उपयोग होत नाही, आणि माती कॅल्शियमहीन नसेल तर अंड्याची टरफले टाकूनही नाही.

आता रोपांची कुंडी बदलू नका. झुकिनी भोपळ्याच्या कुळातली, आणि या कुळातील झाडांना मुळे दुखावलेली सोसत नाहीत. मातीवर वाळलेल्या पानांचा दोन बोटे जाड थर द्या, उन्हाळी दिवसांत सकाळ-संध्याकाळ बुडाच्या छिद्रांतून पाणी झिरपेपर्यंत पाणी द्या, आणि फळे धरू लागल्यावर पालाश (पोटॅशियम) अधिक असलेले खत पातळ करून पंधरा दिवसांनी द्या.

उत्तर ३

पांढऱ्या ठिपक्यांविषयी कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो. झुकिनीच्या कित्येक जातींच्या पानांवर शिरांच्या कोनांत चंदेरी नक्षी जन्मजातच असते. ओल्या बोटाने चोळून पाहा: पुसले गेले नाही तर ती नक्षी, पिठासारखे बोटाला लागले तर भुरी, म्हणजे पानांवरचा पांढऱ्या बुरशीचा रोग. भुरीला पान ओले असण्याची गरज नसते, त्यामुळे ‘मी पानांवर पाणी पडू देत नाही’ एवढ्याने ती टळत नाही. दाटी आणि कोंदट हवा तिला अधिक मानवते. खालची जुनी, रोगट पाने देठाच्या बुडाशी कापून टाकली तर हवा खेळती राहते. पातळ केलेल्या दुधाची फवारणी हा केवळ ऐकीव उपाय नाही. ब्राझीलमधील हरितगृहात झुकिनीवरच त्याचा प्रयोग झाला आणि त्याचे निष्कर्ष १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. एक भाग दूध व नऊ भाग पाणी घेऊन, रोग नुकताच दिसू लागताच, उन्हाच्या वेळी फवारावे. पान पूर्ण पांढरे झाल्यावर त्याचा फारसा उपयोग नाही.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

ठिपके चोळून पाहिले, पुसले जात नाहीत; म्हणजे ती नक्षीच. अडचण वेगळीच आहे: मादी फूल उमलते त्या सकाळी दोन्ही झाडांवर एकही नर फूल नसते. अशा वेळी काय करावे?

उत्तर १

दोनच झाडे असली की हे घडतेच. उद्या उमलणारी कळी आदल्या संध्याकाळी ओळखता येते, तिचे टोक हिरवे न राहता केशरी-पिवळे झालेले असते. अशी नर कळी देठासह खुडून ओलसर कागदात गुंडाळून शीतकपाटात ठेवली, तर एखादा दिवस तिचा पराग कामी येतो. पुढच्या वेळी दुसरे बी पहिल्यानंतर दहा-बारा दिवसांनी लावा, म्हणजे एका झाडावर मादी फुले येतील तेव्हा दुसरे नर फुलांच्या टप्प्यात असेल. किंवा ‘पार्थेनॉन’सारखी, परागाविनाच फळ धरणारी जात निवडा, मधमाशी नसलेल्या सज्ज्यासाठी मला तोच मार्ग सर्वांत सोपा वाटतो.

झुकिनीच्याच प्रजातीतल्या दुसऱ्या भोपळ्याचे नर फूल मिळाले तर तेही चालेल, आणि त्यामुळे या हंगामातील फळाच्या चवीत फरक पडत नाही. परंतु त्या फळाचे बी राखून पुढे लावू नये. शोभेच्या भोपळ्यांशी संकर झालेल्या बियांपासून आलेली फळे कधी कधी विषारी निघतात, आणि त्याची खूण म्हणजे जिभेला लागताच जाणवणारा जहाल कडूपणा. असे फळ शिजवूनही खाऊ नये.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

आज संध्याकाळी पाहिले, तर मोठ्या झाडावरील एक मादी कळी आणि धाकट्यावरील दोन नर कळ्या टोकाशी केशरी झाल्या आहेत. उद्या सकाळी सातलाच सज्ज्यात उभी राहते.