शहराच्या दूरसंचार जाळ्यासाठी खासगी भागीदार घेताना मालकी कोणाकडे ठेवावी?

आराखडा यांचा प्रश्न:

नमस्कार. एखादे मध्यम आकाराचे शहर रस्त्याखालील डक्ट (केबल ओवण्याच्या नळ्या), ऑप्टिकल फायबर, टॉवर आणि पथदिव्यांच्या खांबांवरील लहान अँटेना असे आपले संपूर्ण दूरसंचार जाळे सार्वजनिक-खासगी भागीदारीतून उभारू पाहत असेल, तर त्याच्यासमोर साधारणपणे दोन प्रकारचे प्रस्ताव येतात. पहिल्या प्रकारात सर्व भांडवल कंपनी घालते. शहर फक्त खोदाईची परवानगी आणि खांब वापरण्याचा हक्क देते, तोही वीस-तीस वर्षांसाठी एकाच कंपनीला, आणि त्या मोबदल्यात महसुलाचा काही वाटा घेते. दुसऱ्या प्रकारात शहर कर्ज काढून फायबर स्वतः टाकते आणि कंपनी ते भाड्याने घेऊन नागरिकांना सेवा पुरवते.

तिजोरीवर भार पडत नसल्यामुळे लोकप्रतिनिधींना पहिला प्रस्ताव सोयीचा वाटतो. दुसऱ्या प्रस्तावावर आक्षेप असा की तंत्रज्ञान दर काही वर्षांनी बदलते आणि त्यात सार्वजनिक पैसा अडकवणे हा जुगार आहे. मला तीन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. पहिल्या प्रस्तावात शहर नेमके काय गमावते? दुसऱ्यावरचा आक्षेप कितपत खरा आहे? आणि ज्या शहरांनी असे करार केले, त्यांच्या अनुभवावरून करारातील कोणत्या कलमांवर अधिक लक्ष द्यावे? नुसत्या मतांपेक्षा उदाहरणे मिळाली तर उपयोग होईल.

तांब्याची_तार यांचे उत्तर:

तुमचा प्रश्न ‘पहिला की दुसरा’ असा मांडला गेला आहे, पण मला वाटते की आधी जाळ्याचे थर वेगळे केले पाहिजेत. सर्वांत खाली डक्ट, चेंबर आणि न उजळलेले फायबर, म्हणजे डार्क फायबर असते. त्यावर प्रकाशसंकेत पाठवणारी आणि वळवणारी यंत्रसामग्री असते. आणि सर्वांत वर ग्राहकाला दिली जाणारी सेवा, बिले व तक्रार निवारण असते. तंत्रज्ञान लवकर जुने होते हा आक्षेप मधल्या थराला लागू पडतो. खालचा थर मात्र कित्येक दशके टिकतो, कारण तेच काचेचे तंतू ठेवून दोन्ही टोकांची यंत्रे बदलली की वेग वाढतो. शिवाय एकूण खर्चाचा सर्वांत मोठा वाटा फायबरच्या किमतीचा नसून खोदाईचा आणि रस्ता पूर्ववत करण्याचा असतो. म्हणजे जो थर दीर्घायुषी आहे, ज्यात स्पर्धेला फारसा वाव नाही आणि जो सार्वजनिक जागेतूनच जातो, तो शहराकडे ठेवून बाकीचे खासगी कंपन्यांवर सोपवणे ही विभागणी तर्काला धरून आहे.

स्टॉकहोमने हेच केले. १९९४ मध्ये स्थापन झालेली स्टोकॅब ही शहराच्या मालकीची कंपनी डार्क फायबर भाड्याने देते आणि घरगुती ग्राहकांना इंटरनेट विकण्याच्या भानगडीत पडत नाही. त्यामुळे सेवा देणाऱ्या कंपन्यांना तिच्याकडे प्रतिस्पर्धी म्हणून पाहावे लागत नाही. काटेकोरपणे पाहिले तर ही भागीदारी नव्हे, पण खालचा थर सर्वांना सारख्या अटींवर खुला ठेवण्याचा हा जुना आणि टिकलेला नमुना आहे.

भागीदारीचे अधिक जवळचे उदाहरण सिंगापूरचे आहे. तेथील सरकारने जाळ्याचे थर कायदेशीररीत्या वेगळे केले. २००८ मध्ये फायबर उभारण्यासाठी ओपननेट या कंपनीसमूहाची निवड झाली आणि त्यासाठी ७५ कोटी सिंगापूर डॉलरपर्यंतचे अनुदान मान्य झाले. पुढील वर्षी यंत्रसामग्रीचा थर न्यूक्लियस कनेक्ट या कंपनीकडे गेला, त्यासाठी २५ कोटींपर्यंतची तरतूद होती. आणि किरकोळ सेवा सर्वांसाठी खुली राहिली. खालच्या थरातील कंपनीने वरच्या थरातील कोणालाही झुकते माप देऊ नये हा त्यामागचा हेतू होता. तरीही सगळे सुरळीत झाले असे नाही. जोडणी वेळेत न दिल्याबद्दल नियामकाने ओपननेटला दंड केला. अर्थात दंड करता आला, कारण जोडणीची मुदत आणि सेवेचा दर्जा आधीच लेखी ठरलेला होता.

आता पहिल्या प्रस्तावात शहर काय गमावते? पदपथाखालील जागा मर्यादित असते. पाण्याच्या, सांडपाण्याच्या, विजेच्या आणि वायूच्या वाहिन्यांमधून जो पट्टा शिल्लक राहतो, तो एकदा एका कंपनीच्या डक्टने भरला की दुसऱ्या कंपनीला येण्यासाठी पुन्हा रस्ता फोडावा लागतो, आणि करारात मक्तेदारी असेल तर तेही शक्य होत नाही. शहर खर्च करत नाही हे हिशेबाच्या वहीत खरे असले, तरी ही जागा देऊन टाकण्याची किंमत त्या वहीत कुठेच लिहिली जात नाही.

लेखापरीक्षण यांचे उत्तर:

वरील थरांची मांडणी मला मान्य आहे, परंतु शहराकडे मालकी आली की प्रश्न सुटला असा त्यातून समज होऊ नये. अमेरिकेतील युटा राज्यातील प्रोव्हो शहराने सुमारे ३.९ कोटी डॉलरचे कर्जरोखे काढून आयप्रोव्हो हे स्वतःचे फायबर जाळे उभारले. ग्राहक अपेक्षेइतके आले नाहीत. २००८ मध्ये ते एका खासगी कंपनीला विकले गेले, तो व्यवहारही टिकला नाही, आणि २०१३ मध्ये गूगलने ते एका डॉलरला घेतले. कर्जरोख्यांची परतफेड मात्र नागरिकांच्या सेवादेयकांतील मासिक आकारातून चालूच राहिली. यातील एक तपशील नियोजनकर्त्यांनी विशेष लक्षात घ्यावा असा आहे. केबल नेमक्या कुठे पुरल्या आहेत याच्या पुरेशा नोंदी ठेवल्या गेल्या नव्हत्या, म्हणून हस्तांतराच्या वेळी त्या शोधून काढण्यासाठी शहराला अभियांत्रिकी संस्थेवर सुमारे पाच लाख डॉलर खर्च करावे लागले. मालमत्ता शहराची होती, पण ती कुठे आहे हे शहराला सांगता येत नव्हते.

दुसरे उदाहरण शहराचे नसून राज्याचे आहे, तरी भागीदारीतील जोखमीची वाटणी कशी चुकते हे त्यातून जितके स्पष्ट दिसते तितके इतरत्र क्वचितच दिसत असेल. केंटकीवायर्ड या राज्यव्यापी फायबर जाळ्याच्या प्रकल्पासाठी अमेरिकेतील केंटकी राज्याने २०१५ मध्ये मॅक्वारी या वित्तकंपनीच्या नेतृत्वाखालील गटाशी ३० वर्षांचा करार केला. त्या करारात खांबांवर केबल टांगण्याच्या आणि जमिनीतून जाण्याच्या परवानग्या मिळवून देण्याची जबाबदारी राज्याने स्वतःकडे घेतली. खांब मात्र होते इतर वीज व दूरध्वनी कंपन्यांचे. परवानग्या रखडल्या, आणि विलंबाची भरपाई राज्याच्या माथी आली. २०१८ मध्ये राज्याच्या लेखापरीक्षकांनी दाखवून दिले की ज्या प्रकल्पाचा राज्यावरील भार ३ कोटी डॉलर सांगितला गेला होता, त्यावर ३० वर्षांत सुमारे १५० कोटी डॉलर खर्च होणार आहेत.

म्हणून माझा आग्रह असा की मालकीच्या प्रश्नाइतकाच महत्त्वाचा प्रश्न हा आहे की कोणती जोखीम कोणाच्या हातात आहे. शहराच्या स्वतःच्या रस्त्यांची खोदाई परवानगी वेळेत देणे शहराला शक्य असते, तेव्हा त्या विलंबाची जबाबदारी त्याने घ्यावी. दुसऱ्याच्या खांबांची हमी त्याने कधीही देऊ नये. आणि ग्राहक किती मिळतील, ही जोखीम ग्राहक मिळवणे हाच ज्याचा व्यवसाय आहे त्याच्याकडे असावी.

आराखडा:

दोघांचेही आभार. आता अडचण अशी दिसते की फायबर शहराचे ठेवायचे, पण ग्राहकांची जोखीम कंपनीवर टाकायची, या दोन गोष्टी एकत्र कशा बसवायच्या? शहराने कर्ज काढल्यावर कंपनीने ग्राहकच मिळवले नाहीत, तर हप्ते शहरालाच भरावे लागतील ना?

खांब_क्रमांक यांचे उत्तर:

होय, आणि नेमक्या याच अडचणीसाठी अमेरिकेतील मेरीलँड राज्यातील वेस्टमिन्स्टर या लहान शहराचा २०१५ चा करार वाचण्यासारखा आहे. फायबर शहराने टाकायचे व त्याची मालकी शहराची, आणि टिंग ही कंपनी यंत्रसामग्री बसवून सेवा देणार, अशी विभागणी त्यात होती. भाडे मात्र दोन भागांत आकारले गेले: एक भाग फायबर जितक्या घरांजवळून व दुकानांजवळून गेले त्यांच्या संख्येवर, मग तेथे कोणी जोडणी घेवो वा न घेवो, आणि दुसरा भाग प्रत्यक्ष ग्राहकसंख्येवर. पहिल्या भागामुळे रिकाम्या फायबरचे भाडे कंपनीलाही भरावे लागते, त्यामुळे ती हातावर हात ठेवून बसत नाही. दुसऱ्या भागामुळे व्यवसाय वाढला तर शहरालाही त्याचा लाभ होतो. अलाबामातील हंट्सव्हिलने २०१६ मध्ये याच धर्तीवर पाऊल टाकले. तेथील नगरसंस्थेच्या वीज कंपनीने स्वतःच्या कामासाठी लागणारे फायबर टाकताना जादा तंतू टाकले आणि ते गूगल फायबरला भाड्याने दिले, तेही मक्तेदारी न देता. वीज वितरणासाठी फायबर लागणारच होते, त्यामुळे एखादा भाडेकरू निघून गेला तरी जाळे पूर्णपणे वाया जाण्याची भीती नव्हती.

यावरून एक व्यवहार्य सूचना निघते. शहराची स्वतःची गरज किती, हे निविदेपूर्वी मोजा. वाहतूक सिग्नल, पाणीपुरवठ्याचे मापन, रुग्णालये, शाळा, अग्निशमन केंद्रे यांना लागणारी जोडणी धरली, तर मुख्य मार्गांवरील जाळ्याचा बराचसा भाग त्या गरजेवरच समर्थनीय ठरतो. हा आकडा हाती नसताना वाटाघाटीस बसणारे शहर कंपनीच्या अंदाजांवर अवलंबून राहते.

पहिल्या प्रस्तावाबद्दल आणखी एक. ‘शहराचा खर्च शून्य’ या योजना कंपनीचे उत्पन्न आटले की डळमळतात. फिलाडेल्फियातील शहरव्यापी वाय-फाय प्रकल्पातून अर्थलिंक या इंटरनेट कंपनीने २००८ मध्ये काढता पाय घेतला. न्यूयॉर्कमधील लिंकएनवायसी या योजनेत जुन्या सार्वजनिक दूरध्वनींच्या जागी मोफत वाय-फायचे खांब उभे राहायचे होते आणि खर्च जाहिरातींतून भागायचा होता; पण कंपनीकडून शहराला देय असलेली रक्कम थकली आणि खांबही प्रामुख्याने मॅनहॅटनमध्ये, म्हणजे जाहिरातदारांना हव्या असलेल्या भागात, एकवटले. यात कंपनीचा दुष्ट हेतू शोधण्याची गरज नाही. उत्पन्न जिथून येते तिथेच गुंतवणूक जाते, एवढेच. म्हणून कोणत्या वस्त्या कोणत्या वर्षी जोडायच्या याचा नकाशा करारालाच जोडावा आणि किफायतशीर भागातील पुढील परवानग्या मागे राहिलेल्या भागातील कामाशी बांधाव्यात.

तांब्याची_तार:

लेखापरीक्षण यांचा आक्षेप रास्त आहे. मालकीवर मी दिलेला भर त्यांच्या जोखमीच्या निकषासोबतच वाचावा. कलमांबद्दल विचारले होते म्हणून थोडक्यात भर घालतो. शहराला मोठे कर्ज झेपत नसेल, तर फायबर न टाकता केवळ रिकामे डक्ट टाकण्याचा मार्गही आहे. नेब्रास्कातील लिंकन शहराने २०१२ पासून असे डक्टचे जाळे वाढवून अनेक कंपन्यांना भाड्याने दिले. रस्ता कोणत्याही कारणासाठी खोदला जात असेल तेव्हा त्याच वेळी डक्ट टाकण्याची सक्ती केली, तर हा खर्च वर्षांवर विभागला जातो. ॲम्स्टरडॅमसारखा तिसरा मार्गही आहे: तेथे शहराने फायबरच्या कंपनीत एक तृतीयांश भागभांडवल खासगी गुंतवणूकदारांच्याच अटींवर घातले, आणि म्हणूनच युरोपीय आयोगाने २००७ मध्ये ते बेकायदा सरकारी साहाय्य नसल्याचा निर्वाळा दिला. मोठे कर्ज न काढता संचालक मंडळात बसण्याचा हा मार्ग आहे, मात्र अल्पमतातील भागीदाराचे म्हणणे किती चालते हे भागधारक करारावर ठरते.

खांबांवरील लहान अँटेनांसाठी वीजजोडणी, भार पेलण्याची तपासणी आणि एकाच खांबावर एकाहून अधिक कंपन्यांना जागा, ही तीन कलमे फायबरच्या करारात गुंडाळू नयेत. त्यांचा करार वेगळा आणि कमी मुदतीचा ठेवावा, कारण तेथील उपकरणे लवकर बदलतात.

सर्वांत दुर्लक्षित कलम कराराच्या शेवटाचे असते. कंपनी विकली गेली, दिवाळखोरीत गेली किंवा मुदत संपली, तर डक्ट, तंतू, नकाशे, प्रत्येक चेंबरच्या नोंदी आणि जोडणी चालू ठेवण्यासाठी लागणारी माहिती कोणत्या स्वरूपात, किती दिवसांत आणि कोणत्या किमतीला शहराकडे येईल, हे करारात लिहिलेले असावे. नकाशे तर शेवटाची वाट न पाहता प्रत्येक टप्प्याचे देयक अदा करण्यापूर्वीच ताब्यात घ्यावेत.

लेखापरीक्षण:

शेवटच्या मुद्द्यात एक जोड. नकाशे ताब्यात घेणे पुरेसे नाही. काही चेंबर प्रत्यक्ष उघडून ते नकाशाशी जुळतात का, हे तपासणारा अभियंता शहराने स्वतः नेमावा आणि त्याचे वेतन कंत्राटदाराच्या देयकातून जाऊ नये.

आराखडा:

पुष्कळ स्पष्टता आली. शहराच्या स्वतःच्या गरजेची मोजणी आमच्या चर्चेत आतापर्यंत आलीच नव्हती, ती आधी हाती घेण्याचे सुचवतो. दोन भागांतील भाड्याचे कलम आणि वस्त्यांचा वर्षवार नकाशा हे कराराच्या मसुद्यावरील हरकतींत समाविष्ट करतो.