शब्दचर्चा : पेयांच्या खोक्यांचं 'पुनर्चक्रण' की 'पुनर्प्रक्रिया'?

सानुनासिक : एका माहितीपत्रकात 'दूध-रसाच्या रिकाम्या खोक्यांचा पुनर्वापर' असं आहे. तिथे 'पुनर्चक्रण' करावं का?

गाळीव : 'पुनर्वापर' चूकच. बरणी धुऊन पुन्हा भरली, तर तो पुनर्वापर. पण 'पुनर्चक्रण'ही इथे सैल पडतो. पेट म्हणजे पाण्याच्या बाटलीचं प्लास्टिक; त्या बाटलीचे तुकडे धुऊन, वितळवून पुन्हा बाटली होऊ शकते. खोक्याचं सहसा खोकं होत नाही. फ्रिजबाहेर टिकणाऱ्या रसाच्या खोक्यात वजनाने साधारण ७५ टक्के पुठ्ठा, २० टक्के पॉलिएथिलिन हे प्लास्टिक आणि ५ टक्क्यांच्या आसपास ॲल्युमिनियम असतं. पाण्याच्या टाकीत बराच वेळ घुसळल्यावर पुठ्ठा सुटतो. साधी रद्दी त्याच्या कितीतरी आधी फुटते. म्हणून रद्दीच्या गिरणीत शिरलेलं खोकं अर्धवटच सुटतं, चाळणीवर अडकतं आणि चिकटलेल्या चांगल्या तंतूंसकट कचऱ्यात जातं. नीट सुटलेल्या लगद्याचा टिश्यू किंवा पुठ्ठा होतो. उरलेला प्लास्टिक-ॲल्युमिनियमचा चोथा उष्णतेने दाबून पत्रे, फळ्या करतात. याला 'पुनर्प्रक्रिया' म्हणा.

उंबरठा : 'चोथा' आवडला, 'अवशेष'पेक्षा कितीतरी बरा! पण मग प्लास्टिकलाही सरसकट चक्र बहाल करू नका. पेटमध्ये थोडं पीव्हीसी हे दुसरं प्लास्टिक गेलं तरी अख्खा घाणा बिघडतो, कारण पेट २५० अंशांच्या वर वितळतं आणि तोवर पीव्हीसीचं विघटन होऊन ते आम्ल सोडू लागतं. माल पिवळा पडतो. पाण्यात टाकून वेगळं करावं, तर दोन्ही बुडतात. झाकणाचं पॉलिप्रॉपिलिन तरंगतं, म्हणून ते सुटतं. प्लास्टिकच्या बहुपदरी पाकिटात तर लगदाही हाती लागत नाही.

गाळीव : मान्य. माझं म्हणणं एकजिनसी बाटलीपुरतंच.

सानुनासिक : 'टेट्रापॅक' लिहू?

उंबरठा : ते कंपनीचं नाव. 'पेयाचं खोकं' पुरे. ताज्या दुधाच्या, छपरासारख्या तोंडाच्या खोक्यात बहुधा ॲल्युमिनियम नसतं, तेव्हा 'तिन्ही थर' असं सरसकट छापू नका.

गाळीव : आणि 'चपटं करून टाका' हे वाक्यही तपासा. खोकी वेगळी गोळा होत असतील, तर जागा वाचते. यंत्र आकारावरून वर्गवारी करत असेल, तर चपटं खोकं कागदाच्या ढिगात जातं आणि पुन्हा तीच चाळणी. 'रिकामं करून विसळा' मात्र दोन्हीकडे चालतं. आत दूध राहिलं की गठ्ठ्यात बुरशी धरते.