लांब पल्ल्यावरून हरणाची शिकार: काडतूस कोणते, अंतर किती?

प्रश्न: परवान्याने हरणाची शिकार करताना मी आजवर .३०८ विंचेस्टर काडतुसाची रायफल वापरली असून २०० यार्डांपलीकडे कधीही गोळी झाडलेली नाही. आता ४०० यार्डांसाठी ६.५ क्रीडमोर काडतुसाची रायफल घ्यावी काय, आणि इतक्या दुरून नेम धरणे नैतिक ठरते काय?

उत्तर १: १९५२ साली आलेल्या .३०८ पेक्षा २००७ साली आलेल्या क्रीडमोरची लांब, निमुळती गोळी वाऱ्याने कमी ढळते आणि खांद्याला धक्काही कमी बसतो. तथापि ४०० यार्डांवर दोन्ही काडतुसांत पुरेशी ऊर्जा उरते, त्यामुळे रायफल बदलण्याची गरज मला दिसत नाही. गोळी मात्र आदळल्यावर फुलणारी असावी.

उत्तर २: मूळ अडचण काडतुसाची नाहीच. ४०० यार्ड कापण्यास गोळीला जवळजवळ अर्धा सेकंद लागतो, तेवढ्यात चरणारे हरिण एक पाऊल पुढे टाकते आणि फुप्फुसांवर धरलेला नेम पोटात बसतो. ताशी १० मैलांचा आडवा वारा क्रीडमोरच्या गोळीलाही सुमारे १० इंच बाजूला नेतो. सरावाच्या मेजावरून नव्हे, तर रानात जशी बैठक मिळेल तशी घेऊन, थंड नळीतून सुटलेली पहिलीच गोळी ८ इंचांच्या वर्तुळात जिथवर दरवेळी बसते, तिथवरच आपण जावे.

प्रश्नकर्ता: प्रामाणिकपणे सांगायचे तर माझे ते अंतर २५० यार्डांच्या आतच असावे. तेव्हा .३०८ राहू देतो आणि वाऱ्याच्या उलट दिशेने जवळ सरकण्याचा सराव करतो.